विश्वासू नावाचा संच

निवृत्त झाले तरी दुपारच्या वेळी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उभी राहते. मुलगी म्हणते, "आई, कर्ज हवंय का विचारणारा असेल." बहुतेक वेळा असतोही. पण समोरचा माणूस दोन शब्द बोलेपर्यंत मी श्वास धरून असते. आमच्या माहेरी सगळे कारकुनीतले आणि मास्तरकीतले. दुपारी फोन वाजला तर ते झोपमोड झाली म्हणून चिडतात, घाबरत नाहीत. घाबरण्याची सवय मला नोकरीनं लावली.

नोकरी पाण्याच्या धंद्यातली, काम मात्र कॉम्प्युटरचं. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. शहर जालना रोडच्या अंगानं पसरत चाललं होतं. आधी प्लॉट पडायचे, मग घरं उठायची, मग माणसं राहायला यायची, आणि त्यानंतर केव्हातरी सगळ्यांना पाण्याची आठवण व्हायची. त्यात पावसानं दगा दिला. एक वर्ष कोरडं गेलं, पुढचंही तसंच. शेंद्र्याकडच्या शिवारात ज्या विहिरींना अजून पाणी होतं त्या आमच्या शेठनी कराराने घेतल्या आणि तिथून पाइप टाकून कॉलन्यांच्या टाक्या भरून द्यायला सुरुवात केली. प्रत्येक विहिरीवर सिमकार्ड बसवलेली एक लोखंडी पेटी. आम्ही ऑफिसात बटण दाबलं की तिकडं मोटार सुरू. केबलचोर फार झाले होते, म्हणून त्या पेट्यांना कुलपं, आणि किल्ल्या ऑफिसात.

डोळ्याला न दिसणारी मोटार चालू करायची, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून बरी वाटली नव्हती. पण पगार चांगला होता आणि काम आवडायचं. माझ्याकडं होता फायरवॉल. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरांच्या वाटेवर बसवलेला तो पहारेकरी. प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडी पत्ता असतो. पहारेकऱ्याला आपण नियम लिहून द्यायचे: या पत्त्यावरून आलेल्याला टाकीची पातळी बघू द्या, त्या पत्त्यावरून आलेल्याला मोटार चालू-बंद करू द्या, बाकी सगळ्यांना दारातूनच परत पाठवा.

आता प्रत्येक नियमात तेच तेच पत्ते पुन्हा पुन्हा लिहायचे म्हणजे कंटाळा, आणि चुकाही होतात. म्हणून पत्त्यांचा एक संच करतात, त्याला नाव देतात आणि नियमात नुसतं ते नाव लिहितात. नवा कॉम्प्युटर आला की संचात घातला, काम झालं. जिथं जिथं त्या संचाचं नाव आहे तिथं तिथं तो आपोआप लागू. आमच्या ऑफिसातल्या तीन कॉम्प्युटरांचा असाच एक संच होता. नाव "विश्वासू". ते पातळी बघायच्या नियमात होतं, धोक्याची घंटा वाजवायच्या नियमात होतं, आणि मोटारींना हुकूम द्यायच्या नियमातही होतं. तिन्ही कामं तेच तीन कॉम्प्युटर करायचे, त्यामुळं त्यात वावगं काही नव्हतं. फायरवॉल बसवणाऱ्या कंपनीचा माणूस तर कौतुकानं म्हणाला होता, "मॅडम, एका जागी बदला, सगळीकडं बदलतं."

आमच्या गिऱ्हाइकांत एका नव्या कॉलनीचे सेक्रेटरी होते, कुलकर्णी काका. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वात मोठं संकट. सकाळ, दुपार, संध्याकाळ फोन. "टाकीत पाणी किती आहे?" मी सांगायचे. "बघून सांगताय ना?" मी म्हणायचे, बघूनच सांगतेय काका. "नाही, तसं नाही, पण लोक मला विचारतात हो." कॉलनीत दुपारी तासभर पाणी सुटायचं, आणि त्या तासात शंभर घरं एकट्या काकांवर चिडलेली असायची. शेवटी त्यांनी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीकडून मोबाइलवर पातळी दिसणारं ॲप घेतलं आणि आमच्या शेठच्या मागं लागले की, ते आमच्या यंत्रणेला जोडून द्या. शेठनी गिरीशला सांगितलं. गिरीश माझा सहकारी, हुशार, कामाला वाघ. मी त्या दिवशी दौलताबादच्या बाजूला एका हॉटेलची टाकी बघायला गेले होते. संध्याकाळी परत आले तेव्हा काम झालं होतं आणि काका खूश होते. त्यांचे फोन बंद झाले. मला तर सण असल्यासारखं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी म्हसूमामांचा फोन आला.

म्हसूमामा धनगर. मेंढरं राखणारं घर, पण चारा संपत आल्यावर निम्मी मेंढरं विकून ते आणि त्यांची बायको कोंडाबाई विहिरीपाशीच झोपडं करून राहत होते. विहीर त्यांचीच. काकांच्या कॉलनीला पाणी जायचं ते याच विहिरीचं. मामा फोनवर मोठ्यानं बोलायचे, शिवाराच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसं.

"ताई, मोटार कोण चालू केली?"

मी सलीमभाईंकडं बघितलं. सलीमभाई आमचे ऑपरेटर. वयानं माझ्यापेक्षा मोठे, बटणावर बोट ठेवायच्या आधी दोनदा वाचणारे. त्यांनी मान हलवली.

"कुणीच नाही मामा. इथून बंद आहे."

"आवं, बंद कशी? घुरघुरली की आत्ता. म्या बादली भरत व्हतो. लई दचकलो. आपोआप चालू झाली अन् आपोआप बंद."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. मग दुसऱ्या एका विहिरीवर, जिथून काकांच्याच कॉलनीच्या मागच्या टाकीला पाणी जायचं, तिथली मोटार कोरड्यात चालून जळाली. शेठ वर आले आणि सगळ्यांसमोर सलीमभाईंना म्हणाले, "डुलकी लागते का? हात पडतो का कुठं?" शेठ गेल्यावर सलीमभाई खालच्या आवाजात मला म्हणाले, "मैं हात बी नै लगाया मॅडम. अल्ला की कसम. अब मेरे कोच शक हो रा, के मैंच तो नै दबाया." त्या दिवसापासून ते बटण दाबायचं नसलं की दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायला लागले.

शिवारात तर वेगळंच सुरू झालं. मामा फोनवर म्हणाले, "गावातली माणसं म्हंत्यात, हिरीत कायतरी हाय. कोंडाबाई सांजच्याला पाण्याला जायला नाय म्हंती." मी हसून सोडून दिलं असं वरवर दाखवलं. मनातून मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. हिरीत काही असतं तर मंत्र-उतारा झाला असता. माझ्या मनात होतं ते हे की, आपण ज्या वाटेवर पहारा बसवलाय तिथून कुणीतरी आत शिरलंय, मोटारीला हात लावतंय, आणि आपल्याला ते दिसत नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर मी एकेक नियम आठवून बघायचे. सगळे बरोबर होते. नियमांना कुणी हात लावलेला नव्हता. तेच तर समजत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला. पाणी आणखी खाली गेलं होतं. मोटार पाण्यातली, विहिरीच्या तळाला गाळात रुतत होती आणि तिची जाळी बुजत होती. "ताई, खाली उतरतो गाळ काढाया. मोटार बंद ठिवा बरं का."

"मामा, आज नको," मी म्हणाले. "ती आपोआप चालू व्हायची भानगड अजून सुटलेली नाही."

"आवं, गाळ नाय काढला तर उद्या पाणीच येनार नाय. अन् मंग तुमचं शेठ आमालाच बोलत्याल." मागं मेंढरांचा आवाज येत होता. "तुमी कुलूप घाला की त्या कंप्युटरात."

आमच्या प्रोग्राममध्ये तशी सोय होती. कुणी विहिरीत उतरणार असेल तर स्क्रीनवर त्या मोटारीला कुलूप लावायचं. मग बटण दाबलं तरी हुकूम जात नसे. सलीमभाईंनी कुलूप लावलं, मला दाखवलं, मी दोनदा बघितलं. मामांनी फोन कोंडाबाईंच्या हातात दिला आणि ते उतरले.

मला काही स्वस्थ बसवेना. फायरवॉलमध्ये एक पडदा असतो, त्यावर आत्ता या क्षणी कोण कुणाशी बोलतंय ते दिसतं. मी तो उघडून बसले. मोटारींशी बोलणारे तीन पत्ते दिसायला हवे होते. चार होते.

चौथा आमच्या ऑफिसातला नव्हता.

"गिरीश," मी म्हणाले, "हा पत्ता कुणाचा?"

तो खुर्ची सरकवून आला. "ॲपवाल्यांचा. काकांच्या कॉलनीचा. पातळी बघायला परवानगी दिली ना आपण."

"कुठल्या नियमात घातलास?"

"नियमात नाही घातला मॅडम. पातळीच्या नियमात 'विश्वासू' लिहिलेलंच होतं, म्हणून त्या संचात..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. माझ्याइतकंच त्यालाही कळलं. मी संचावर उजवं बटण दाबून तो कुठं कुठं वापरलाय ते विचारलं. तिन्ही नियम वर आले. तिसरा मोटारींचा.

पुढचं समजायला वेळ लागला नाही. त्या ॲपमध्ये टाकी खुणेखाली गेली की मोटार आपणहून चालू करायची सोय होती. आम्ही ती मागितली नव्हती, काकांना ती आहे हेही ठाऊक नव्हतं. पुण्यातला तो कॉम्प्युटर जोडल्या दिवसापासून आपलं काम इमानानं करत होता. आणि आमचं कुलूप आमच्या प्रोग्रामात होतं. तो आमच्या प्रोग्रामाकडून येतच नव्हता, सरळ पेटीशी बोलत होता. त्याच्यासाठी कुलूप नव्हतंच.

"सलीमभाई, काकांची टाकी किती?"

"उतर री मॅडम. पानी छोडे ना वो लोगां. खुणेच्या जरा वर है."

दुपारचा पाणी सोडायचा तास. शंभर घरांचे नळ सुरू.

मी कोंडाबाईंना फोन लावला. वाजत राहिला. मेंढरांमागं गेल्या असतील, फोन झोपड्यात असेल. गिरीशनं काकांना लावला, म्हणजे खाली जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह तरी बंद करतील. काका दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. मी संचातून तो पत्ता काढला. घाईत माउस हातातून निसटत होता. काढला, लागू केला. फायरवॉलनं सांगितलं, झालं.

आणि पडद्यावर तो चौथा पत्ता तसाच बोलत होता.

हे बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, पण पहारेकऱ्याची ती रीत आहे. तो दारात येणाऱ्याला विचारतो. आधीच आत जाऊन बोलत बसलेल्याला पुन्हा विचारत नाही. त्याला उठवून बाहेर काढायचं तर वेगळा हुकूम द्यावा लागतो. मी तो शोधत असतानाच सलीमभाई ओरडले, "मॅडम, मोटर चालू बता रा!"

त्यांनी कुलूप काढून बंदचं बटण दाबलं. मोटार बंद झाली. लगेच चालू झाली. टाकी खाली होती ना, तिकडून पुन्हा हुकूम आला. सलीमभाईंनी बंद केली. चालू झाली. स्क्रीनवरचा तो ठिपका लाल, हिरवा, लाल, हिरवा होत होता आणि त्या प्रत्येक हिरव्याला विहिरीच्या तळाशी पाण्यात एक माणूस उभा होता. पाण्यातल्या मोटारीच्या केबलला जोड असतात. जोड कितीही गुंडाळले तरी पाणी शिरतं. पाण्यात माणूस असताना मोटार चालू करत नाहीत, हे शिवारातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मी त्या पेटीशी चाललेलं सगळंच बोलणं एकदम तोडलं. दुसरं काही सुचलं नाही. पुण्याचंही तुटलं, आमचंही तुटलं. ठिपका राखाडी झाला. पेटी पुन्हा जोडली जायला काही मिनिटं लागणार होती. तोपर्यंत ती शेवटचा हुकूम पाळत राहते. शेवटचा शब्द सलीमभाईंचा होता की पुण्याच्या कॉम्प्युटरचा, हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता.

"चलो," सलीमभाई म्हणाले. भिंतीवरची पेटीची किल्ली त्यांनी ओढून घेतली. गिरीश फोनपाशी बसला आणि आम्ही दोघं त्यांच्या मोटरसायकलवर निघालो.

जालना रोडवर दुपारची गर्दी. टँकर, रिक्षा, कारखान्यांच्या बसा. मी मागं बसून कोंडाबाईंचा नंबर लावत होते. नुसता वाजायचा. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही, सलीमभाई नंतर म्हणाले की मी रामरक्षा म्हणत होते आणि मधेच थांबून "मामा, बाहेर या, मामा, बाहेर या" असं म्हणत होते. एका सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांच्या पाठीचा घाम शर्टातून माझ्या हाताला लागला, गार.

डांबरी सोडून शिवारात शिरलो तेव्हा कान देऊन ऐकलं. मोटारीचा आवाज नव्हता. दुसराही कुठला आवाज नव्हता. मला त्या शांततेची जास्त धास्ती वाटली.

विहिरीजवळचा खांब दिसला आणि सलीमभाईंनी ब्रेक दाबला. खांबावरून पेटीत उतरणारी केबल तुटून खाली लोंबत होती. पेटीच्या कुलपावर दगड मारल्याच्या खुणा होत्या. कोंडाबाई केबलीच्या आणि आमच्या मधे दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. पदर खाली, केस सुटलेले.

"जवळ येऊ नका! तार जित्ती हाय!"

"मामा?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"खालीच हायेत. बोलत्यात. बोलत्यात ताई, बोलत्यात."



झालं होतं ते असं. मोटार घुरघुरल्याचा आवाज आणि मामांची हाळी त्यांनी लांबून ऐकली आणि धावत आल्या. मोटार बंद पडत होती, चालू होत होती. त्यांनी कुलपावर धोंडा घातला, ते तुटेना. शेळ्या-मेंढरांना बाभळीचा पाला पाडायची आकडी, म्हणजे लांब वाळल्या बांबूला बांधलेला विळा, झोपड्याला टेकवलेली होती. ती घेतली, केबलीत अडकवली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून ओढली. "मोठा जाळ झाला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मी बी गेले अन् ह्ये बी गेले."

मामा विहिरीच्या आतल्या कडेच्या दगडांवर अर्धे पाण्याबाहेर पडलेले होते. पहिल्याच झटक्यात ते पाण्यातून बाजूला फेकले गेले होते, म्हणून वाचले. मी खांबावरची वीज बंद करवण्यासाठी फोन केला, गावातल्या दोघातिघांना हाका मारल्या. सलीमभाई कुणाचं न ऐकता खाली उतरले. दोराला बाज बांधून मामांना वर घेतलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, बोटं आत वळली होती. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाले, "ताई, बंद व्हती ना वो?"



मामा जगले. हात राहिला, पण बोटं सरळ झाली नाहीत. लोकर कातरायची कात्री त्यांना पुन्हा धरता आली नाही. शेठनी दवाखान्याचा खर्च केला आणि सलीमभाईंची माफी मागितली, चारचौघांत, हेही खरं. गिरीश महिनाभर ऑफिसात आला, पण त्याच्यानं फायरवॉलला हात लाववेना. कुठलाही बदल करायचा म्हटलं की तो मला हाक मारायचा आणि मी करेपर्यंत लांब उभा राहायचा. मी त्याला सांगितलं, अरे, तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं, संच असतोच त्यासाठी. तो म्हणाला, "म्हणूनच भीती वाटते मॅडम." पुढं त्यानं ही नोकरी सोडली. आता बीड बायपासला त्याचं पुस्तकांचं दुकान आहे.

मी "विश्वासू" मोडून टाकला. पातळी बघणाऱ्यांचा वेगळा संच, घंटेचा वेगळा, मोटारींना हुकूम देणाऱ्यांचा वेगळा. आणि नावंही कामावरून, स्वभावावरून नाहीत. तेच पत्ते तीन ठिकाणी लिहावे लागले. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, हा तर उलटा प्रवास झाला." मी म्हटलं, होऊ दे. संचाला हात लावण्याआधी तो कुठं कुठं लागू आहे ते मोठ्यानं वाचायचं, आणि दुसऱ्या माणसानं ते ऐकायचं, असा नियम केला. नव्या लोकांना तो बालिश वाटायचा. मी बदलला नाही.

दुसरी गोष्ट मी शेठपाशी अडून बसून करून घेतली. प्रत्येक विहिरीच्या काठावर साधे चिनी मातीचे फ्यूज, हातानं उपसून घ्यायचे, आणि पेटीची किल्ली तिथल्याच माणसांकडं. चोरी झाली तर होऊ दे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा तळाला गेलं. मला वाटलं होतं, मामा आता विहिरीकडं फिरकणार नाहीत. दुपारी फोन आला, कोंडाबाईंचा.

"ताई, ह्ये उतरायलेत."

"मामी, दुसऱ्या कुणाला पाठवा ना."

"म्या बी तेच म्हनले. ऐकत्यात व्हय? म्हंत्यात, माझीच हीर हाय, तिला किती दिस भ्यायचं." मग थांबून म्हणाल्या, "फ्यूज काढून माज्या वटीत घेतल्यात. समदे. तुमी फोन ठिवू नका."

मी ठेवला नाही. माझ्यासमोर सगळं बंद होतं, कुलूप होतं, मोटारींच्या नियमात तीनच पत्ते होते, मी ते पुन्हा पुन्हा मोजत होते. शेजारी सलीमभाई हात मांडीखाली घेऊन बसले होते. फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता, मधेच एखादं मेंढरू. मग लांबून, खोलातून, मामांची हाळी ऐकू आली.

"काय झालं? मामी, काय झालं?"

"काय नाय," कोंडाबाई म्हणाल्या. "तमाकू मागायलेत."